सर्वज्ञवचनांची राखण

ईश्वराचे वचन काळाने झिजत नाही आणि माणसाच्या सोयीने बदलत नाही, ही श्रद्धा बहुतेक धर्मपरंपरांत आढळते. परंतु ती श्रद्धा एखाद्या समाजाकडून प्रत्यक्षात कोणते काम करवून घेते, कोणते कष्ट सोसायला लावते आणि कोणत्या अडचणीत टाकते, याचा इतका तपशीलवार इतिहास क्वचितच हाती लागतो जितका तो महाराष्ट्रातील महानुभाव पंथाच्या बाबतीत लागतो. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, चक्रधरस्वामींनी या पंथाची स्थापना केली. अनुयायांच्या दृष्टीने ते परमेश्वराचे अवतार होते. म्हणून पंथात त्यांना ‘सर्वज्ञ’ म्हणतात आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या मराठी बोलण्याला परमेश्वराच्या वाणीचे स्थान देतात. आद्य मराठी गद्याचा सर्वांत मोठा साठा या एका श्रद्धेमुळे निर्माण झाला आणि टिकला, आणि त्याची राखण ज्या रीतीने झाली ती रीत मराठी ग्रंथपरंपरेत अपूर्व म्हणावी लागेल.

ही वचने पंथाला एवढी मोलाची का वाटली, हे समजण्यासाठी त्याच्या तत्त्वज्ञानाची मांडणी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. महानुभाव मतानुसार जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून स्वतंत्र आहेत. देवता अनेक असून त्यांच्या उपासनेने मिळणारी फळे मर्यादित आणि नाशवंत असतात. जीवाची बंधनातून कायमची सुटका करणे हे केवळ परमेश्वराच्या हाती आहे, आणि त्यासाठी तो मनुष्यदेह धारण करून स्वतः ज्ञान देतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी, रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर हे ते पाच अवतार असून त्यांना ‘पंचकृष्ण’ म्हटले जाते. वेद आणि कर्मकांड यांचा अधिकार या मांडणीत देवतांच्या प्रांतापुरता उरतो; मोक्षाचे ज्ञान, ज्याला पंथ ‘ब्रह्मविद्या’ म्हणतो, ते अवताराच्या मुखातूनच मिळते. साहजिकच अवतार दृष्टीआड झाल्यावर त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे हाती असणे हा या पंथासाठी जीवनमरणाचा प्रश्न ठरला.

शब्द न बदलू देण्याचे शास्त्र भारताला नवे नव्हते. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणत्याही पुरुषाने न रचलेले, अशी धारणा असल्यामुळे त्यांचा एक स्वरही ढळू नये यासाठी वैदिकांनी पाठांची एक कडेकोट व्यवस्था उभी केली होती. संहितापाठात मंत्र संधीसह म्हटला जातो, पदपाठात त्याची पदे सुटी केली जातात, क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी आणि दुसरे तिसऱ्याशी जोडत पुढे जातात, तर जटा आणि घन या विकृतींत त्याच पदांची उलटसुलट आवर्तने होतात. त्यामुळे एखादे पद गळले किंवा फिरले तर त्याच क्षणी चूक उघडी पडते. महाराष्ट्रातील दशग्रंथी आणि घनपाठी ब्राह्मणांच्या घराण्यांनी ही विद्या शतकानुशतके चालवली, आणि ध्वनी टिकवण्याचे साधन म्हणून तिची बरोबरी करणे कठीण आहे. मात्र ही व्यवस्था बांधीव मंत्रासाठी होती. महानुभावांच्या हाती असलेला शब्द निराळ्या जातीचा होता: तो चालता-बोलता उच्चारलेला होता, कधी प्रश्नाला उत्तर म्हणून, कधी कुणाला दटावताना, कधी भिक्षेला निघताना. त्याला छंद नव्हता, स्वर नव्हता, आणि तो ऐकणाऱ्यांत विद्वान शास्त्र्यांबरोबर विधवा, म्हाताऱ्या बायका आणि साधे गावकरीही होते. असा शब्द राखायचा तर त्याची रीतही वेगळी शोधणे भाग होते.

परंपरेनुसार चक्रधर मूळचे गुजरातेतील भडोचचे, एका प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घराबाहेर पडले, वाटेत विदर्भातील रिद्धपूर येथे त्यांना गोविंदप्रभू भेटले, आणि पुढे बराच काळ त्यांनी एकाकी भ्रमंती केली. पंथाच्या चरित्रग्रंथांत या भ्रमंतीला ‘एकांक’ म्हणतात. १२६८ च्या सुमारास पैठण येथे त्यांनी संन्यास घेतला आणि त्यानंतरची काही वर्षे, अभ्यासकांच्या वेगवेगळ्या गणितांनुसार सहा ते आठ, ते गोदावरीच्या परिसरात आणि वऱ्हाडात शिष्यपरिवारासह फिरत राहिले. त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. अखेर ते परिवाराला सोडून उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे.

या प्रयाणानंतरच्या काळाला महानुभाव ‘असन्निधान’ म्हणतात, म्हणजे परमेश्वर जवळ नसण्याची अवस्था. अवतार समोर असतो ते सन्निधान. तेव्हा सेवा करायची. तो समोर नसतो तेव्हा स्मरण करायचे. स्मरण म्हणजे नामजप एवढाच त्याचा अर्थ पंथात नाही. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा, म्हणजे अवताराचे नाव, त्याचे रूप, त्याच्या आयुष्यातील प्रसंग आणि त्याच्या बारीकसारीक हालचाली, या सगळ्यांचे एकांतात बसून केलेले चिंतन म्हणजे स्मरण. भिक्षा मागून पोट भरावे, एका गावी तळ ठोकू नये, दिवसाचा काही भाग वस्तीबाहेर निर्जनात घालवावा आणि तेथे स्मरण करावे, असा या भिक्षूंचा दिनक्रम होता. ज्या समाजात आठवणे हेच मुख्य धर्मकृत्य असते, तेथे स्मृतीला रोजचा व्यायाम घडतो, आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी घासून पाहण्याची सवयही आपोआप लागते. पुढच्या ग्रंथनिर्मितीचा पाया या दिनक्रमात घातला गेला, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासांत पुरेशा ठळकपणे मांडली गेलेली नाही.

चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. पंथात त्यांना ‘भटोबास’ म्हणतात. रिद्धपूर येथे नागदेवाचार्य स्वतःशी लीळांचे स्मरण करत असत, ते पाहून म्हाइंभट यांनी त्यांच्याकडे विचारणा केली आणि त्यातून या लीळा लिहून काढण्याची कल्पना पुढे आली, असे पंथाचे ग्रंथ सांगतात. म्हाइंभट हे सराळे येथील संपन्न आणि शास्त्रसंपन्न गृहस्थ. ते प्रथम वादाच्या ईर्ष्येने चक्रधरांकडे आले होते आणि पुढे सर्वस्व सोडून भिक्षू झाले. त्यांनी ज्या पद्धतीने काम केले ती आजच्या इतिहाससंशोधकालाही आदर्श वाटावी अशी आहे. ज्या व्यक्तीच्या बाबतीत प्रसंग घडला, तिला गाठून तिच्याच तोंडून तो ऐकायचा, अशी त्यांची रीत होती. त्यासाठी शिष्य जेथे जेथे विखुरले होते तेथे तेथे ते गेले, मिळालेली हकीकत उतरवून घेतली, आणि नागदेवाचार्यांच्या आठवणीशी तिचा मेळ घातला. या खटाटोपातून ‘लीळाचरित्र’ तयार झाले. वाङ्मयेतिहासात त्याचा काळ बहुधा १२७८ च्या आसपास धरला जातो, तर काही अभ्यासक तो आठ-दहा वर्षे पुढे नेतात. म्हणजे चक्रधरांना पाहिलेली आणि ऐकलेली माणसे हयात असतानाच हे लेखन झाले, याविषयी मतभेद नाही. त्यानंतर गोविंदप्रभूंच्या लीळाही याच पद्धतीने म्हाइंभटांनी लिहिल्या.

लीळाचरित्रातील एखादी लीळा जवळून पाहिली तर वचनावरील निष्ठेने लेखनाला कसा आकार दिला ते कळते. लीळा बहुधा काही ओळींचीच असते. कोणते गाव, कोणते देऊळ किंवा मठ, कोणता प्रहर, कोण कोण जवळ होते, एवढे सांगून ती थेट संवादाला भिडते: अमक्याने असे विचारले, त्यावर सर्वज्ञ असे म्हणाले. लेखक मध्ये बोलत नाही, सजावट करत नाही, भक्तीचा गहिवरही वर्णनात मिसळत नाही. शिष्य आपापसांत भांडतात, चुका करतात, बोलणी खातात, आणि ते सारे तसेच नोंदले जाते. नागदेवाचार्यांची चुलत बहीण महदाइसा, जिला मराठीची पहिली ज्ञात कवयित्री म्हणून ओळखतात, ती प्रश्नावर प्रश्न विचारत राहते, आणि तिच्या या जिज्ञासेचे स्वामींनी केलेले कौतुकही नोंदलेले आहे. सर्वज्ञांच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, म्हणून ज्या शब्दाला ते उत्तर आहे तो शब्दही बदलता येत नाही; एका निष्ठेमुळे प्रश्नकर्त्या सामान्य माणसांची बोलीही अशी सुरक्षित राहिली. तेराव्या शतकातील बायका घरात काय खात-पीत होत्या, कशाला भीत होत्या, कोणाला काय म्हणून हाक मारत होत्या, हे आज लीळाचरित्रावरून सांगता येते, ते या कारणाने.

प्रसंगांप्रमाणे स्थानांचीही नोंद झाली. चक्रधर जेथे बसले, निजले, जेवले त्या जागा पंथाला पूज्य आहेत आणि तेथे ओटे बांधून त्यांना नमस्कार करण्याची चाल आहे. ‘स्थानपोथी’ या ग्रंथात अशा स्थानांची गावोगावची नोंद आहे, आणि देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ कोणत्या अंगाला असे तपशील तीत येतात. शब्द कोठे उच्चारला गेला याची खूण जमिनीवर राहावी, हा तिच्यामागचा हेतू होता. यादवकालीन देवळांचा आणि गावांचा अभ्यास करणारे इतिहासकार आज त्याच पोथीचा आधार घेतात.

यापुढचे काम केसोबासांनी केले. त्यांना केशिराज व्यास असेही म्हणतात. ते संस्कृतचे पंडित होते आणि चक्रधरांची शिकवण संस्कृतात आणण्याची त्यांची इच्छा होती, परंतु तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या स्त्रियांच्या हातून ते ज्ञान निसटेल, असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केले, ही हकीकत ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या चरित्रग्रंथात आली आहे. मग केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची तत्त्वोपदेशपर वचने निवडून वेगळी काढली आणि विषयवार लावली; तो ‘सूत्रपाठ’. विचार आणि आचार ही त्यातील दोन मोठी प्रकरणे असून पंथाचे तत्त्वज्ञान पहिल्यात आणि भिक्षूची जीवनशिस्त दुसऱ्यात आहे. सूत्रे इतकी आटोपशीर आहेत की काही सूत्रे दोन-तीन शब्दांतच संपतात. भिक्षू आणि भिक्षुणी यांनी ती मुखोद्गत करायची असतात.

वचन प्रसंगातून सुटे केले की ते पाठ करायला सोपे होते, पण त्याचा अर्थ भरकटण्याचा धोका वाढतो. एखाद्या शिष्याला त्याच्या विशिष्ट चुकीबद्दल जे सांगितले गेले, ते सर्वांना सर्वकाळ लागू आहे असे वाटू शकते. हा धोका पंथाच्या आचार्यांनी ओळखला होता. म्हणून सूत्र शिकवताना त्याचे ‘प्रकरण’ सांगण्याची शिस्त रूढ झाली: हे वचन कोणाला, कोठे आणि कशाच्या ओघात सांगितले, हे कळल्याखेरीज सूत्राचा अर्थ लावायचा नाही. सूत्र आणि लीळा यांची ही सांगड घालणारे स्वतंत्र ग्रंथ पुढे झाले, आणि त्यांच्यावर भाष्यांची मोठी परंपरा उभी राहिली. अक्षर स्थिर राहिले म्हणजे आशय आपोआप स्थिर राहतो, असा भाबडा समज त्यांनी बाळगला नाही.

केसोबासांच्याच ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात ही सावधगिरी अधिक स्पष्ट दिसते. चक्रधर शिकवताना रोजच्या जीवनातील छोट्या गोष्टी दृष्टान्त म्हणून सांगत. अशा ११४ दृष्टान्तांचा हा संग्रह आहे. प्रत्येक दृष्टान्ताची मांडणी तीन थरांची आहे. आरंभी सूत्र, ते चक्रधरांचे वचन. मग दृष्टान्त, तीही चक्रधरांनी सांगितलेली गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा सिद्धान्ताशी संबंध उलगडून दाखवणारा भाग, आणि तो केसोबासांचा स्वतःचा. जन्मांध माणसांनी हत्ती चाचपून पाहण्याचा जो दृष्टान्त सर्वपरिचित आहे, तोही येथे याच तीन थरांत येतो. केसोबासांचे स्पष्टीकरण कितीही समर्पक असले तरी ते परमेश्वराच्या शब्दांत मिसळू दिलेले नाही. वाचकाला प्रत्येक ठिकाणी कोण बोलत आहे हे कळते. इतक्या जुन्या काळी, अवतरणचिन्हांसारखी कोणतीही सोय हाताशी नसताना, मूळ वचन आणि त्यावरील भाष्य यांच्यातील सीमारेषा एवढ्या कटाक्षाने पाळली गेली, ही या परंपरेची फार मोठी कमाई आहे.

हा कटाक्ष पंथाच्या प्रमाणव्यवस्थेतही उतरला. महानुभावांनी श्रुती, स्मृती आणि वृद्धाचार या वैदिक परिभाषेतील संज्ञा घेतल्या, पण त्यांचा आशय आपल्या दृष्टीने ठरवला. श्रुती म्हणजे सर्वज्ञांचे वचन, स्मृती म्हणजे नागदेवाचार्यांचे सांगणे, आणि वृद्धाचार म्हणजे त्यांच्यामागील वडीलधाऱ्या शिष्यांचे आचरण. आचार्य कितीही थोर असला तरी त्याचे बोलणे श्रुतीच्या पायरीवर चढवायचे नाही, हा याचा अर्थ. नागदेवाचार्यांविषयी पंथाला अपार आदर असूनही हा भेद पुसला गेला नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस या साऱ्या व्यवस्थेची कसोटी लागली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली, १३०७ मध्ये मलिक काफूर चालून आला, आणि १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपली. या धामधुमीत म्हाइंभटांची लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. पंथाच्या लेखनात या आपत्तीला ‘खालशाची धाड’ असे नाव आहे. तोवर पहिल्या पिढीतील बहुतेक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते. उरले होते ते त्यांचे शिष्य आणि त्यांना पाठ असलेल्या लीळा. पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्याचे काम अनेकांनी केले, आणि त्यांत हिराइसा या भिक्षुणीचे नाव अग्रभागी आहे. तिची स्मरणशक्ती विलक्षण होती अशी पंथात ख्याती आहे. तिच्या आठवणीवर आधारलेल्या संहितेला ‘हिराइसापाठ’ म्हणतात. परशरामबास, रामेश्वरबास यांच्याही नावांचे पाठ प्रसिद्ध आहेत.

आता येथे एक पेच होता. परमेश्वराचे वचन एकच असले पाहिजे, आणि आठवणी तर अनेक होत्या. कुठे एका पाठात गावाचे नाव वेगळे, कुठे प्रश्न विचारणारा शिष्य दुसरा, कुठे वचनातील एखादा शब्द निराळा. कोणत्याही संघटित पंथाला अशा वेळी सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एक पाठ अधिकृत ठरवून बाकीचे बुडवणे. महानुभावांनी तो पत्करला नाही. पोथ्यांमध्ये मूळ हकीकतीच्या सोबत तिचे भिन्न पाठ नोंदवलेले आढळतात, आणि त्यांना ‘वासना’ म्हणतात. अमक्याच्या आठवणीप्रमाणे हे असे, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसे, हे नावानिशी लिहिलेले असते. चौकशीनंतर एखादी जादा माहिती हाती आली तर ती ‘शोध’ या शीर्षकाखाली वेगळी दिलेली असते. संहितेत गुपचूप दुरुस्ती करण्याऐवजी दुरुस्तीची नोंद करणे, हा नियम त्यांनी पाळला.

वरवर पाहता पाठभेद मान्य करणे म्हणजे वचनाच्या अढळपणाला सुरुंग लावणे असे वाटेल. महानुभाव लेखकांच्या मनात मात्र या दोन गोष्टींचा विरोध नव्हता, आणि त्यांची भूमिका तर्काला धरून होती. वचन अढळ आहे, कारण ते सर्वज्ञांचे आहे. स्मृती चुकते, कारण ती जीवाची आहे. स्मृतीची चूक झाकण्यासाठी एक पाठ निवडला, तर निवडणारा जीव आपल्या अंदाजाला परमेश्वराच्या शब्दाची जागा देतो, आणि श्रुतीच्या बाबतीत याहून मोठा अपराध नाही. सर्व वासना समोर ठेवल्या तर मूळ शब्द त्यांपैकी एकीत राहण्याची शक्यता तरी उरते. वचनाच्या अढळपणावरील विश्वास जितका गाढ, तितका माणसाच्या हातातील प्रतीविषयीचा प्रामाणिकपणा अधिक, असे हे नाते आहे; आणि ज्यांच्या श्रद्धेला पाठभेदांची भीती वाटते त्यांच्या श्रद्धेपेक्षा ही श्रद्धा अधिक भक्कम होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या उज्ज्वल बाजूबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यांपैकी ‘सकळ लिपी’ सर्वांत प्रचलित असून ती तयार करण्याचे श्रेय परंपरा ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांना देते; सुंदरी, अंकलिपी, वज्रलिपी अशा आणखीही लिप्या होत्या. यांत देवनागरीतील एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा ठरावीक चिन्ह योजलेले असते, त्यामुळे किल्ली माहीत नसलेल्याला पोथी हातात घेऊनही एक अक्षर लागत नाही. धाडींच्या काळात ग्रंथ परक्या हाती पडले तरी त्यांची विटंबना होऊ नये, अनधिकाऱ्याने त्यांत ढवळाढवळ करू नये, आणि ब्रह्मविद्या दीक्षितांपुरती राहावी, अशी याची कारणे सांगितली जातात. संहितेच्या दृष्टीने हा उपाय लाभदायक ठरला, यात शंका नाही. ज्याला किल्ली ठाऊक आहे तोच नक्कल करू शकतो, आणि नक्कल करताना प्रत्येक अक्षर विचारपूर्वक बदलावे लागते. अशा लेखकाच्या हातून ओळखीच्या शब्दाला नकळत चालू वळण देण्याची चूक कमी होते. त्यामुळे जुन्या मराठीची रूपे या पोथ्यांत पुष्कळ अंशी शाबूत राहिली.

परंतु याची किंमत जबर होती. ज्या चक्रधरांनी म्हाताऱ्या बायकांनाही कळावे म्हणून मराठीत उपदेश केला, आणि ज्या नागदेवाचार्यांनी त्याच कारणासाठी संस्कृताला नकार दिला, त्यांचे शब्द सहा शतके मराठी समाजाच्या दृष्टीआड राहिले. बाहेरच्यांना पंथाविषयी काही कळेना, आणि जे कळत नाही त्याविषयी वाटेल ते रचले जाते, त्याप्रमाणे महानुभावांविषयी हीन दर्जाच्या वावड्या उठल्या आणि टिकल्या. वारकरी संप्रदायाचे ग्रंथ घरोघरी वाचले जात असताना त्याच भूमीतील, त्याच शतकातील हे वाङ्मय मठांच्या पेट्यांत बंद राहिले. शब्द राखण्याच्या भरात तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापासूनच दूर ठेवला गेला, हा निर्णय पंथाच्या मूळ प्रकृतीशी जुळणारा नव्हता.

महाराष्ट्राबाहेर मात्र या निष्ठेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पंथ पुढे पंजाबात पोहोचला, तेथे तो ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्याचे मठ थेट पेशावर आणि काबूलपर्यंत गेले. पंजाबी मातृभाषा असलेले भिक्षू सूत्रपाठ मराठीतच पाठ करू लागले, कारण सर्वज्ञांचे वचन ज्या शब्दांत उच्चारले गेले त्याच शब्दांत ते घ्यायचे, असा दंडक होता. मराठी राज्याच्या फौजा अटकेपर्यंत जाण्याच्या आधीच मराठी ग्रंथ सिंधूच्या परिसरात पोहोचले होते, ही गोष्ट आजही अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते.

संहिताशुद्धीची कळकळ महाराष्ट्रात महानुभावांपुरतीच होती असे नाही. १२९० मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत पुढच्या तीन शतकांत अनेक पाठभेद आणि प्रक्षेप शिरले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, पैठण येथे तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणीही तीत आपली भर घालू नये, असा निर्वाणीचा इशारा दिला. हे कार्य अनमोल आहे. तथापि एकनाथांनी कोणते पाठ टाकले आणि का टाकले याची नोंद मागे राहिली नाही, त्यामुळे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक जुनी प्रत छापली तेव्हा मोठा वाद उसळला. महानुभावांची वासना नोंदवण्याची पद्धत शेजारी ठेवली की हा फरक ठळक होतो. दोन्हीकडे भक्ती तेवढीच उत्कट होती, पण पुढच्या अभ्यासकाच्या हाती पुरावा ठेवण्याचे काम महानुभावांनी अधिक चोख केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही महंतांनी औदार्य दाखवले, राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनी चिकाटीने पाठपुरावा केला, आणि सांकेतिक लिप्यांचे कोडे उलगडले. त्यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. कोलते यांची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तिच्यातील काही भागांवर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. संशोधकाच्या दृष्टीने जो पाठभेद असतो तो श्रद्धावंताच्या दृष्टीने परमेश्वराच्या चरित्रावरील डाग असू शकतो, आणि या वेदनेकडे तुच्छतेने पाहणे योग्य नाही. तरीही एवढे म्हटले पाहिजे, की ज्या पोथ्यांवरून या आवृत्त्या निघाल्या त्यांत भिन्न पाठ नावानिशी लिहून ठेवणारे हात पंथातल्याच साधूंचे होते, आणि ते काम त्यांनी श्रद्धेपोटीच केले होते.

आज रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे पहिल्यांदा हाती घ्यावे असे काम उघड आहे. मठांत आणि घराण्यांत अद्याप न छापलेल्या, कित्येक ठिकाणी न उघडलेल्याही, महानुभाव पोथ्या आहेत. कसर आणि ओल कोणाची वाट पाहत थांबणार नाहीत. ज्यांच्या घरी अशा पोथ्या असतील त्यांनी त्या जाणकारांना दाखवाव्यात, त्यांची छायाचित्रे काढू द्यावीत, आणि मूळ पोथी हवी तर आपल्याच देवघरात ठेवावी.